बावीसचा आकडा

बद्रीनाथ सोवनींच्या कसबा पेठेतल्या ऑफिसात माणसं येत ती बहुधा एकाच कामासाठी. मुलगा खरंच सॉफ्टवेअरमध्ये आहे का, अमेरिकेत त्याची आधीची बायको तर नाही ना, एवढं बघून द्या. सोवनी बघून देत. पंचवीस वर्षं विमा कंपनीत खोटे अपघात शोधण्यात गेली, आता खोटे जावई. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण माणसं खोटं बोलायची काही दमत नाहीत, असं ते म्हणत. स्वतः मात्र पार दमले होते.

समोरच्या खुर्चीत तात्याराव पेपर वाचत बसलेले असत. ते पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे स्कूटर होती आणि भरपूर वेळ होता. मदतनिसाला तिसरी गोष्ट लागते ती म्हणजे डोकं. ती उणीव सोवनी भरून काढत.

दोन हजार चारच्या जानेवारीतला शेवटचा शुक्रवार होता. सकाळी अकराच्या सुमाराला एक बाई जिना चढून आली आणि दारातच थांबली.

"मुलगा कुठे असतो?" तात्यारावांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"अजून पोटात आहे," ती म्हणाली.

तात्यारावांनी पेपर खाली ठेवला आणि घाईघाईने उठून खुर्ची दिली.

तिचं नाव जया रामटेके. मूळची नागपूरकडची, लग्न होऊन पुण्यात आलेली. कोथरूडला डॉक्टर मेहेंदळ्यांच्या एक्स-रे सेंटरमध्ये सात वर्षं टेक्निशियन होती.

"किरणांत काम करणाऱ्यानं छातीवर एक बिल्ला लावायचा असतो," ती सांगू लागली. "आत तीन गोल टिकल्यांची एक पत्ती असते. अंगावर किरण किती आले, ते ती साठवून ठेवते. तीन महिन्यांनी पत्ती तपासणीला मुंबईला जाते आणि नवी येते. सात वर्षं माझा आकडा शून्याच्या आसपास होता. ऑक्टोबर ते डिसेंबरचा रिपोर्ट परवा आला. बावीस."

"बावीस काय?"

"मिलीसिव्हर्ट, किरणांचं माप. वर्षाची सरासरी वीसच्या आत राहायला हवी. माझे तीन महिन्यांतच बावीस."

"आणि तुम्हाला दिवस आहेत."

"सोमवारी वीस आठवडे पूर्ण होतात. त्यानंतर कायद्यानं काही करता येत नाही. मेहेंदळे डॉक्टर म्हणाले, जबाबदारी मी घेणार नाही, काय तो निर्णय लवकर घ्या. सासूबाई घाबरल्यात. मूल कसं जन्माला येईल, या धास्तीनं जेवत नाहीत. त्यांनी सोमवारी सकाळी दवाखान्यात नाव घातलंय माझं. मंगळवारपासून हालचाल कळते साहेब. घरी सांगितलेलं नाही. सांगितलं तर सोमवारी मला नेणार कोण, आणि मी जाणार कशी?"

तात्याराव खिडकीबाहेर बघू लागले.

"बिल्ला खोटं बोलतोय असं तुमचं म्हणणं?" सोवनींनी विचारलं.

"नाही. बिल्ला खोटं बोलत नाही. पण मीही हयगय केलेली नाही. वेळ कमी, अंतर जास्त आणि मध्ये शिशाचा आडोसा. ही तीन वाक्यं मी झोपेतसुद्धा म्हणेन. बटण दाबताना कायम आडोशामागे. काम संपलं की बिल्ला बाहेरच्या खुंटीवर. घरी कधी नेला नाही."

"त्या तीन महिन्यांत रजा?"

"दसऱ्याला. दर वर्षी आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. दसरा रविवारी होता. शुक्रवारी संध्याकाळी बिल्ला खुंटीला लावला, रात्रीची गाडी धरली. मंगळवारी कामावर आले."

"आल्यावर काही वेगळं दिसलं?"

"नाही. म्हणजे, बिल्ल्याच्या चिमट्याला कुंकू लागलं होतं. आमचे बाबुराव खंडेनवमीला दिसेल त्याला कुंकू लावतात. मी पुसून टाकलं."

सोवनींनी डोळे मिटले. तात्यारावांना वाटलं, झोपले. हे अधूनमधून व्हायचं.

"चला," सोवनी उठत म्हणाले, "कोथरूडपर्यंत तुमची स्कूटर पोचत असेल तर."

सेंटरच्या बाकांवर आजारी माणूस एकच होता. बाकी सगळी गळ्यात पट्टे अडकवलेली तरणीताठी पोरं, हातात कंपनीच्या फायली.

"नोकरीला लागायचं तर छातीचा फोटो लागतो म्हणं," शिपाई बाबुराव म्हणाला. तो मुळशीकडचा, पन्नाशी उलटलेला. "आजारी मानसं कमी अन् ही धडधाकट पोरंच जास्त. मी नुसता झाडतोय."

"रामटेकेबाईंचा बिल्ला कुठे असतो?"

बाबुरावनं व्हरांड्यातली खुंटी दाखवली. ती एक्स-रेच्या खोलीपासून चांगली दूर, दोन भिंतींआड होती. पत्ती बदलली तरी बिल्ल्याची डबी तीच राहते. सोवनींनी चष्मा वर करून डबी डोळ्यांजवळ धरली. चिमट्याच्या बिजागरीत अजून थोडं कुंकू होतं आणि पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा अडकला होता.

"खंडेनवमीची पूजा तुम्हीच करता?"

"मीच. शनवारी दुपारी समदे गेले की कुलपं लावायच्या आधी. मशीन, कात्री, स्टूल, झाडू, ज्याच्यावर पोट हाय ते समदं पुजायचं. दर साली माळ मशीनच्या डोक्यावर घालतो. यंदा खांदा धरलाय, हात वर जाईना, म्हनून छातीच्या स्टँडाला बांधली."

छातीचा स्टँड म्हणजे ज्याला छाती टेकवून माणूस उभा राहतो ती चौकट. फिल्म तिच्यातच सरकवतात, आणि किरण समोरच्या मशीनमधून थेट तिच्यावर येतात.

"माळ उतरवली कधी?"

"सोमवारी सकाळी सातला, मीच. मग पानं झाडत बसलो. आपट्याची टोपलंभर पानं त्या बाकांखाली! खाऊन जायचं, लुटून जायचं, अन् झाडायला बाबुराव."

"सातच्या आधी कुणी आलं होतं?"

"सातच्या आधी कोन मरायला येतंय?"

दुसरा टेक्निशियन चेतन काळोख्या खोलीतून ओल्या फिल्म घेऊन बाहेर आला. जयाची जागा रिकामी झाली तर मोठा टेक्निशियन तोच होणार होता, आणि हे त्याला ठाऊक असल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तिचा बिल्ला मी मशीनखाली ठेवला, असंच विचारायला आलात ना?" तो म्हणाला. "सगळा स्टाफ तेच कुजबुजतोय. ठेवला नाही."

"तुमचा आकडा किती आला?"

"शून्य."

"तुमच्या बिल्ल्याची खुंटी दिसली नाही."

चेतन ओशाळला. "शर्टाच्या खिशाला असतो. तसाच घरी जातो. नियमात बसत नाही, माहीत आहे. दोनदा धुण्यातही गेलाय."

सोवनींनी दोरीवरच्या फिल्मकडे बोट केलं. "यांच्या चारी कडा पांढऱ्या कशा?"

"किरणांची खिडकी छातीपुरतीच उघडायची असते. जास्त उघडली तर माणसाला उगीच जास्त डोस. बाहेरचं पांढरं राहतं. जयाचे काठ तर फूटपट्टीनं आखल्यासारखे असतात. माझे थोडे जाड. पण शिकलेला माणूस काठ सोडतोच."

"दसऱ्याला कुठे होतात?"

"घरी. सणाला सेंटरचा फोन आला की मी उचलत नाही. त्या दिवशी तर चार वेळा वाजला."

डॉक्टरांचा पुतण्या राकेश टाय लावून काँप्युटरपुढे बसला होता. तो कॉमर्स शिकलेला, कंपन्यांची कंत्राटं आणायचा.

"अंकल, मला एक्स-रेच्या रूममध्ये एन्ट्रीच नाही," तो म्हणाला. "आणि दसऱ्याला सेंटर बंद होतं. रजिस्टर बघा ना, शनिवारनंतर डायरेक्ट सोमवार. शिवाय स्टँडवर अशी माळ लोंबत असताना फोटो काढणार कोण?"

सोवनींनी मान हलवली. "खरं आहे. पूजा मोडायची नसते."

डॉक्टर मेहेंदळे सौम्य आवाजात बोलणारे, चांदीच्या काड्यांचा चष्मा लावणारे गृहस्थ होते. भिंतीवर त्यांची तीन सुवर्णपदकं होती.

"वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "चांगली मुलगी. पण दिवस गेल्यावर लक्ष उडतं. आडोशाबाहेर उभी राहिली असेल."

"बाळाला धोका किती आकड्याला सुरू होतो?"

"आकडा काय विचारता? किरण तो किरण. शून्याच्या वर सगळाच धोका. लवकर मोकळी झाली तर तिचंच बरं, आणि हा विषयही इथेच संपेल."

बाहेर आल्यावर तात्याराव स्कूटरला किक मारत म्हणाले, "चेतनच. तो शून्य फार सोयीचा आहे."

"तात्याराव, तो पोरगा आळशी आहे. आळशी माणूस कट करत नाही, कटाला फार काम पडतं." सोवनी मागे बसले आणि कण्हले. "उद्या सकाळी तुम्ही कोथरूडच्या स्टॉपवर उभे राहा. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बस येतात तिथे. शनिवारीही जातात बिचारी पोरं. प्रत्येकाला एकच विचारायचं, दसऱ्याच्या दिवशी छातीचा फोटो कुणी काढून घेतला का?"

"लोक मला वेडा म्हणतील."

"इतक्या वर्षांत म्हणाले नाहीत, एवढ्यात कशाला म्हणतील?"

संध्याकाळी सोवनींनी एका जुन्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. कॅन्सरच्या इस्पितळात किरणांचा हिशेब ठेवण्यात त्याचा जन्म गेला होता. बराच वेळ नुसतं "हं, हं" चाललं होतं. शेवटी पेपराच्या समासात सोवनींनी एकच शब्द लिहिला, 'शंभर', आणि पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं.

तात्यारावांना शनिवारी सकाळी सोळा जणांनी वेड्यात काढलं. सतराव्या मुलीनं, पायल तिचं नाव, कानातली वायर काढली आणि म्हणाली, "हो, मी. का?"

शनिवारी दुपारी चारला सगळे डॉक्टरांच्या खोलीत जमले. जया भिंतीला टेकून बसली होती. चेतन हाताची घडी घालून उभा, राकेशचं लक्ष मोबाइलमध्ये, बाबुराव दारात.

"मी फार वेळ घेणार नाही," सोवनी म्हणाले. "मला उभं राहवत नाही. रामटेकेबाई म्हणतात बिल्ला खोटं बोलत नाही, आणि त्याही खोटं बोलत नाहीत. दोन्ही खरं असेल तर अर्थ एकच. किरण बिल्ल्यावर पडले तेव्हा बिल्ला त्यांच्या अंगावर नव्हता. बाबुराव, खंडेनवमीला तुम्ही काय काय पुजलंत?"

"सांगितलं की, मशीन, कात्री..."

"आणि खुंटीवरचा बिल्ला?"

"तोबी," बाबुराव सहज म्हणाला. "बाईंच्या पोटापान्याचा हाय न्हवं? कुंकू लावलं अन् माळेच्या टोकाला दोऱ्यानं बांधला. चेतनरावांचा पन बांधला असता, पन त्यो घरी." बोलता बोलता त्याचा आवाज उतरला. "का? काय चुकलं का माझं?"

"शनिवारी दुपारपासून सोमवारी सातपर्यंत बिल्ला स्टँडवर होता. बरोबर किरणांच्या वाटेवर. मशीन बंद असतं तर काही बिघडलं नसतं. पण बंद नव्हतं. सोमवारी सकाळी सातला, कुणी यायच्या आधी, बाकांखाली टोपलंभर आपट्याची पानं कशी? सोनं दसऱ्याला वाटतात. म्हणजे दसऱ्याला या बाकांवर माणसं बसली होती, आणि ती थोडीथोडकी नव्हती. चेतनला चार फोन आले ते त्यासाठी. त्यानं उचलले नाहीत. बाई नागपूरला. मग बटण कुणी दाबलं?"

सोवनी राकेशकडे वळले.

"तू म्हणालास, स्टँडवर माळ लोंबत असताना फोटो कोण काढणार. माळ दर वर्षी मशीनच्या डोक्यावर असते. यंदा पहिल्यांदा स्टँडला बांधली, तीही सगळे घरी गेल्यावर. उतरवली सगळे यायच्या आधी. बाबुरावशिवाय ती कुणी पाहिलेलीच नाही. तू कुठे पाहिलीस?"

राकेशनं मोबाइल खिशात टाकला. "मी... म्हणजे, कोणीतरी बोललं असेल."

"मी न्हाई बोललो," बाबुराव म्हणाला.

तात्यारावांनी पिशवीतून पायलची फिल्म काढली. तिच्या आईनं ती गादीखाली जपून ठेवली होती. पुण्यात औषधाची रिकामी बाटली टाकतील, पण एक्स-रे टाकणार नाहीत. सोवनींनी ती दिव्याच्या पेटीवर लावली.

"काठ बघा. चारी कोपऱ्यांपर्यंत काळी. खिडकी सताड उघडी. चेतन, हा शिकलेल्या माणसाचा फोटो आहे?"

"छे," चेतन म्हणाला.

"आता वरचा उजवा कोपरा बघा. बाई, हे काय आहे?"

जया उठून पेटीजवळ गेली. पायलच्या खांद्याच्या वर, काळ्या पट्ट्यात, काडेपेटीएवढा फिकट चौकोन होता. आत एकाखाली एक तीन गोल ठिपके.

"माझा बिल्ला," ती म्हणाली. तिनं त्या चौकोनावर बोट ठेवलं आणि काढलंच नाही. "हा माझा बिल्ला आहे."

"हा फोटो पायल नावाच्या मुलीचा. ती सांगते, सोमवारी नव्वद पोरं नोकरीवर रुजू व्हायची होती. कंपनीला एका दिवसात सगळे फोटो हवे होते. पूजा मोडायची नाही म्हणून राकेशनं माळ नुसती बाजूला सारली, आणि बिल्ला कोपऱ्यात राहिला. एका फोटोचा डोस किरकोळ असतो, पण नव्वद वेळा थेट मारा झाला. बेरीज बावीसच्या घरात जाते, इस्पितळातल्या माणसाकडून मी ती करून घेतली. चेतननं नियम मोडून बिल्ला घरी नेला म्हणून तो शून्यावर वाचला. बाईंनी नियमानं खुंटीला लावला, म्हणून त्या अडकल्या. असा न्याय!"

राकेश रडकुंडीला आला. "काका म्हणाले, फक्त बटण दाबायचं असतं."

"राकेश, गप्प बस," डॉक्टर म्हणाले. मग सोवनींकडे बघून त्यांनी हात पसरले. "चूक झाली. सणाचा दिवस, माणूस मिळेना. पण बिल्ल्याचं मला काय माहीत? मला तर आत्ता कळतंय."

सोवनींनी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांचा आवाज आणखी खाली आला.

"पायलच्या रिपोर्टवर सही तुमची आहे, डॉक्टर. नव्वदच्या नव्वद फिल्म तुम्ही एकेक करून या पेटीवर लावल्यात. नव्वद वेळा हा चौकोन तुमच्या डोळ्यांपुढून गेला. तीन सुवर्णपदकं मिळवणाऱ्याला तो दिसला नसेल? तेव्हा तुम्ही दुर्लक्ष केलंत, तेही समजू. पण परवा बावीसचा आकडा आला तेव्हा तो कुठून आला हे या शहरात एकाच माणसाला ठाऊक होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खरं सांगितलं असतं तर शिक्षण नसलेल्या पोराच्या हाती मशीन दिल्याबद्दल परवाना गेला असता. म्हणून या बाईंना सांगितलंत, निर्णय लवकर घ्या. त्या मोकळ्या झाल्या, नोकरी सोडून गेल्या, की विषय संपला." सोवनींनी खिशातून पेपराचा तो कपटा काढला. "आणि आणखी एक. मी विचारलं, धोका किती आकड्याला? तुम्ही म्हणालात, शून्याच्या वर सगळाच. शंभरच्या आत कुणीही मूल पाडायचा सल्ला देत नाही. हे त्या माणसानं मला फोनवर एका दमात सांगितलं. हे बावीस खरोखर बाईंच्या अंगावर पडले असते, तरीसुद्धा सोमवारची गरज नव्हती. हे तुम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, डॉक्टर. तुम्हाला माहीत होतं."

बाबुरावनं दाराची चौकट धरली. "अरे देवा," तो म्हणाला, "आन् मी त्याला कुंकू लावलं." तो रडायला लागला.

"बाबुराव, तुम्ही चांगल्या मनानं लावलंत," जया म्हणाली. मग ती डॉक्टरांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. ती ओरडेल, असं तात्यारावांना वाटलं. तिला मनातून खूप ओरडायचं होतं, पण तेवढं त्राण नव्हतं.

"सात वर्षं," ती म्हणाली. "सात वर्षं मी तुम्हाला सर म्हणते."

"रामटेके, तुला काय पाहिजे ते..."

"लिहून द्या. सेंटरच्या कागदावर. मी नागपूरला होते आणि बिल्ला स्टँडवर होता. बाळाला धोका नाही, हेही लिहा. मराठीत लिहा, माझ्या सासूबाईंना वाचता आलं पाहिजे. खाली सही करा."

डॉक्टरांनी पेन उचललं. त्यांचं इंग्रजी अक्षर मोत्यासारखं होतं म्हणतात. मराठी मात्र शाळेतल्या पोरासारखं वाकडंतिकडं आलं. दोनदा चुकले, दोनदा जयानं कागद परत दिला. तिसरा कागद तिनं वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

"परवान्याच्या खात्याला आम्ही दुपारीच पत्र टाकलंय," तात्याराव जाता जाता म्हणाले. पत्र टाकण्याच्या कामात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

खाली रस्त्यावर दुचाक्यांची झुंबड होती. जया पायरीवर बसली. चार दिवस कोंडलेलं रडू आलं आणि ती पदरात तोंड घालून मनसोक्त रडली. दोघे म्हातारे तिच्या दोन बाजूंना, काय करावं न सुचून, रहदारीकडे बघत उभे राहिले.

"रिक्षा बोलावू का?" शेवटी तात्यारावांनी विचारलं.

"थांबा जरा." तिनं डोळे पुसले आणि कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीवर जाऊन लाल फोनमध्ये रुपया टाकला.

"आई, मी जया. दवाखान्यातलं नाव काढून टाका. हो, सगळं सांगते, कागद आणलाय, घरी आल्यावर वाचा." मग तिनं पोटावर हात ठेवला. "आणि आई, ते हलतंय. मंगळवारपासून हलतंय."